आमवातासाठी डोळे आणि लिव्हर का तपासायचं?

तुमचा प्रश्न असा की आईची बोटं सुजतात, दुखणं आमवाताचं, मग डॉक्टर डोळे तपासून या, लिव्हरचं रक्त करा असं का सांगतात? यात कमिशनचा प्रकार तर नाही ना? मी डॉक्टर नाही, ११ वर्षं याच आजाराची रुग्ण आहे. ही शंका मलाही आली होती.

आमवातात रोगप्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते. सांध्यांवर तिचा राग जास्त, पण फुफ्फुसं, रक्तवाहिन्या, डोळ्यांतला ओलावा, कुणाचीही पाळी येऊ शकते. माझं हिमोग्लोबिन ९ च्या वर जाईना. वर्षभर लोहाच्या गोळ्या, खजूर, लोखंडी कढईतली मेथी, सगळं झालं. मग कळलं, अंगात दाह असला की लिव्हर हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त बनवतं आणि ते लोह साठ्यातच कोंडून ठेवतं. आमवात आटोक्यात आला तसं हिमोग्लोबिन वर चढलं.

आता औषधं. आईंना बहुधा हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिलं असेल. मूळचं मलेरियाचं औषध. वर्षानुवर्षं घेतल्यावर काहींच्या दृष्टिपटलाला इजा होते, सुरुवातीला जाणवतही नाही आणि झालेली भरून येत नाही. म्हणून सुरू करताना एकदा आणि साधारण पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासतात. किडनी कमजोर असेल तर आधीपासूनच.

लिव्हरची तपासणी मेथोट्रेक्सेटसाठी असते. आमवाताच्या या औषधाने काहींच्या लिव्हरला इजा होऊ शकते. ते चालू असेल तर पाकिटावर काय लिहिलंय ते तुम्ही स्वतः वाचा: ही गोळी आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतली तर रक्तपेशी बनणं मंदावतं आणि जिवावर बेतू शकतं. मी रविवार धरलाय, कॅलेंडरवर तो आधीच लाल असतो.

स्टेरॉइडने मला चार दिवसांत उभं केलं. पण तोंड सुजलं, शुगर वाढली, म्हणून मी ते परस्पर बंद केलं. मग उलट्या, चक्कर, अंथरुणातून उठवेना. बाहेरून मिळतंय म्हटल्यावर शरीराने स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे अंगातलं नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणं कमी केलेलं असतं, म्हणून डोस डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळूच उतरवायचा.

तेव्हा तपासण्या करून घ्या. आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे आईंना एकट्या रिक्षाने पाठवू नका. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की काही तास सगळं धूसर दिसतं, जिना उतरताना पायरी चुकते.