राउटर चालेल, आधी कार्डाची बाकी फेडा

नाशिकच्या एका वाचकांचं पत्र आलंय. वय 41, खासगी नोकरी, हातात येणारा पगार 88,000. राहतं घर म्हणजे तळमजला आणि वर दोन मजले असं रो-हाउस. 2019 मध्ये त्यांनी तीन डब्यांचा मेश वायफाय संच (मजल्यामजल्यावर ठेवलेले डबे मिळून घरभर एकच वायफाय पसरवतात तो) 23,000 रुपयांना घेतला. आता कंपनीने कळवलंय की या मॉडेलला यापुढे अपडेट मिळणार नाहीत. पत्नी सगळ्यात वरच्या खोलीतून आठवी-नववीच्या मुलांचे गणिताचे ऑनलाइन क्लास घेतात, आणि तिथे कॉल मधूनमधून अडकतो. दुकानदाराने वायफाय 7 चा नवा संच सुचवलाय. किंमत 36,000, 18 महिन्यांचा नो कॉस्ट ईएमआय, सोबत 2,999 ची एक्स्टेंडेड वॉरंटी. "क्लासला मुलं वाढली की सहा महिन्यांत पैसे वसूल होतील. घेऊ का?" असा प्रश्न आहे.

आणि शेवटी, पैशांची ओढाताण नाही हे मला पटावं म्हणून, त्यांनी दोन ओळी लिहिल्यात: "क्रेडिट कार्डवर दोनेक वर्षं साधारण 1,40,000 ची बाकी फिरती असते, पण मिनिमम ड्यू एकदाही चुकवलेला नाही, त्यामुळे सिबिलची काळजी नाही. पॉलिसीच्या डिसेंबरच्या हप्त्यासाठी 80,000 बाजूला काढून ठेवलेत."

राउटरचं उत्तर सोपं आहे: घेऊ नका. का ते पुढे सांगतो. पण तुमच्या त्या शेवटच्या दोन ओळी वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि कॅल्क्युलेटर घेतला, कारण तुमच्या घरातली गळती तिथे आहे.

कार्डाचं शेवटचं स्टेटमेंट काढा. त्यात व्याजदर बहुधा महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असेल. 1,40,000 वर ते झाले 4,900 रुपये. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 880. महिन्याला 5,800 झाले. मिनिमम ड्यू पाच टक्के धरला तर तुम्ही भरता 7,000. त्यातले 5,800 व्याजात जातात, 1,200 मुद्दलातून कमी होतात, आणि पुढच्या आठवड्यात किराण्याचं एक बिल कार्डावर पडलं की तेही भरून निघतात. बाकी जिथल्या तिथे.

वर्षाचे झाले 70,000. ज्या मेश संचासाठी तुम्ही विचार करताय, तसे दोन संच दर वर्षी व्याजात जातायत. दोन वर्षांचे 1,40,000. म्हणजे सगळं कर्ज एकदा फेडण्याइतके पैसे तुमच्या खिशातून गेलेत आणि कर्ज अजून तेवढंच उभं आहे. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, कारण तुम्ही बेफिकीर माणूस नाही. दर महिन्याला न चुकता भरताय. किमान रक्कम भरत राहिलात तर परतफेड वर्षानुवर्षं लांबेल, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने स्टेटमेंटवर छापायला लावली आहे. ती बारीक टायपात असते, आणि "किमान देय रक्कम" ठळक चौकटीत असते. लोक चौकट वाचतात आणि ती रक्कम भरून मोकळे होतात.

आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. बाकी फिरती असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज पेट्रोल भरलंत तर आजपासून व्याज. या कार्डावर 2,000 चा ईएमआय चढवलात तर तो पूर्णच्या पूर्ण मिनिमम ड्यूमध्ये मिळवला जातो, आणि एखाद्या महिन्यात हात आखडला तर त्या हप्त्यालाही कार्डाचाच व्याजदर लागतो. नो कॉस्ट म्हणतात त्यातही व्याजाच्या भागावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच माथी असते, 36,000 वर आठशे-हजार सहज. सिबिलचं म्हणाल तर तुमच्या कार्डाची मर्यादा 1,75,000 असली तर 80 टक्के कायम वापरात आहे, आणि ते स्कोअरला चांगलं नसतं. स्कोअर उत्तम असला तरी हे 5,800 थांबत नाहीत.

आता ते 80,000. ते बचत खात्यात अडीच-तीन टक्क्यांवर पडून आहेत आणि शेजारच्या कार्डावर वर्षाला जवळपास 50 टक्के जातायत. ते आजच कार्डात भरा, डिसेंबरची वाट बघू नका.

"मग पॉलिसीचा हप्ता?" हो, तिकडेच येतो. पत्रासोबत तुम्ही पॉलिसीचं पहिलं पान पाठवलंत ते बरं केलंत. वर्षाला 1,00,000, दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षाअखेर 20 लाख. विमा 10 लाखांचा. बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरने तुम्हाला "एफडीसारखंच, पण पैसे दुप्पट आणि टॅक्स फ्री" असं सांगितलं. दुप्पट होतात हे खरं, पण तुमचा एकेक लाख सरासरी साडेपंधरा वर्षं अडकून राहतो तेव्हा. परतावा पडतो साडेचार टक्क्यांच्या आसपास. पीपीएफ एप्रिल 2020 पासून 7.1 टक्के देतोय, तोही करमुक्त. 10 लाखांचा विमा तर तुमच्या घरावरच्या कर्जालाही पुरणार नाही. ज्याच्या पगारावर घर चालतं अशा माणसाला, ज्याच्या कार्डावर कर्ज फिरतंय, असं उत्पादन विकणं चूक आहे. विकणाऱ्याने तुम्हाला टर्म विम्याबद्दल (ज्यात फक्त विमा असतो, पैसे परत नाहीत) आणि कार्डाबद्दल एक प्रश्न विचारायला हवा होता.

चार हप्ते भरून झालेत. आता तीन वाटा आहेत. पॉलिसी मोडली तर कागदावर भरलेल्या पैशांच्या किमान निम्मे, म्हणजे 2 लाख मिळतील. हप्ते थांबवून ती पेड-अप केली तर दहापैकी चार हप्त्यांच्या हिशोबाने विसाव्या वर्षी साधारण 8 लाख. 2 लाखांचे सोळा वर्षांत 8 लाख म्हणजे नऊ टक्के, आणि ते मोडण्यापेक्षा बरं. आणि चालू ठेवली तर उरलेल्या 6 लाखांवर तुम्हाला पाच टक्क्यांच्या आसपासच सुटेल. म्हणून माझं मत: मोडू नका, पण पुढचा हप्ताही भरू नका. पेड-अप करा. काही योजनांमध्ये पेड-अप झाल्यावर बोनस किंवा भर थांबते, त्यामुळे आपल्या पॉलिसीचा आकडा कंपनीकडून लेखी घ्या, माझ्या ढोबळ गणितावर सही करू नका.

पेड-अप केल्यावर विमा 4 लाखांवर येईल, म्हणून त्याआधी 1 कोटीचा टर्म प्लॅन घ्या. तुमच्या वयाला, तंबाखू नसेल तर, वर्षाला 20-25 हजारांच्या घरात बसेल. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक जीवन विम्यावर जीएसटीही नाही. पॉलिसीच्या वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची वाढीव मुदत असते, तेवढ्यात टर्मची वैद्यकीय तपासणी उरकते.

कार्डावर 80,000 भरल्यावर 60,000 उरतील. ते पॉलिसीवर कर्ज काढून फेडा. दर दहा टक्क्यांच्या आसपास असतो, महिन्याला 500 रुपये व्याज. 5,800 च्या जागी 500. मिनिमम ड्यूचे जे 7,000 तुम्ही आजवर भरत आलात तेच या कर्जात टाका, नवव्या-दहाव्या महिन्यात ते संपेल. पॉलिसीसाठी महिन्याला बाजूला काढत होतात त्या 8,000 मधून आधी टर्मचा हप्ता, मग अडीअडचणीचा निधी. सध्या तो शून्य आहे, आणि नोकरदार घरात शून्य असणं मला नव्या राउटरपेक्षा कितीतरी जास्त अस्वस्थ करतं.

आता तो राउटर.

कंपनीने आधार काढून घेतला म्हणजे डबा बंद पडत नाही. सुरक्षेची ठिगळं मिळायची थांबतात, आणि काही वेळा अॅपही हात वर करतं. गूगलने 2015 चा ऑनहब राउटर असाच निवृत्त केला: वायफाय चालू राहिलं, पण अॅपमधून पासवर्ड बदलणं, नवा डबा जोडणं बंद. म्हणून जे बदल करायचेत ते अॅप चालतंय तोवर, याच आठवड्यात करा. धोका खरा आहे, तो मी हसण्यावारी नेत नाही. मे 2025 मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने इशारा दिला होता की आधार संपलेल्या जुन्या राउटरांत घुसून गुन्हेगार ते आडोसा म्हणून भाड्याने देतायत, आणि ज्या राउटरांचं बाहेरून नियंत्रण चालू होतं ते सावज होते. म्हणजे इंटरनेटच्या थेट तोंडावर जुना डबा ठेवायचा नाही.

तुमच्याकडे फायबरवाल्याने दिलेला डबा आहेच. त्याला राउटरचं काम करू द्या. त्याचे अपडेट सेवा देणाऱ्याकडून येतात. तुमचा मेश अॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, काही कंपन्या त्याला ब्रिज मोड म्हणतात. मग तो फक्त वायफाय पसरवतो, बाहेरच्या जगाशी त्याची थेट गाठ नाही. रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून नियंत्रण) आणि यूपीएनपी (घरातल्या उपकरणांना आपोआप बाहेरचं दार उघडून देणारी सोय) दोन्ही डब्यांत बंद. याने धोका शून्य होत नाही, पण बराच कमी होतो. एक अडचण ध्यानात ठेवा: काही संचांत, उदाहरणार्थ गूगल वायफायमध्ये, एकापेक्षा जास्त डबे बिनतारी जोडले असतील तर ब्रिज मोड चालत नाही. तसं असेल तर एकच डबा वर ठेवून त्याला फायबरच्या डब्यापासून नेटवर्कची वायर द्या.

वायर तर तशीही द्या, कारण क्लास अडकण्याचं कारण बहुधा तिथेच आहे. दोन बँडच्या मेशमध्ये वरचा डबा खालच्याशी ज्या रेडिओवर बोलतो त्याच रेडिओवर तुमच्या लॅपटॉपशीही बोलतो, आणि प्रत्येक मजल्यागणिक वेग साधारण निम्मा होतो. आमच्याकडे हीच रड होती. इलेक्ट्रिशियनने गच्चीवरच्या जुन्या डिशच्या केबलच्या टोकाला कॅट 6 वायर चिकटपट्टीने बांधली आणि खालून जुनी केबल ओढत गेला. भिंत न फोडता नवी वायर त्याच नळीतून दिवाणखान्यात आली. 28 मीटर वायर, दोन टोकांचे कनेक्टर आणि मजुरी धरून 1,900 रुपये लागले. तुमची इंटरनेटची योजना 100 एमबीपीएसची, झूमचा एचडी कॉल तीन-चार एमबीपीएसमध्ये भागतो. वायफाय 7 ने त्यात काही फरक पडणार नाही. मुलं वाढतील ती वहिनी नीट शिकवतात म्हणून.

डब्याच्या तळाला चिकटवलेल्या लेबलवर मॉडेल आणि व्ही1, व्ही2 असं काही लिहिलेलं असेल. 2004 पासून चालत आलेलं ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत सॉफ्टवेअर बऱ्याच जुन्या राउटरांना नवे अपडेट मिळवून देतं, पण मॉडेल आणि आवृत्ती तंतोतंत जुळावी लागते. चुकलं तर डबा निकामी होतो. ओळखीत जाणकार कुणी असेल तरच हात घाला. आणि ती 2,999 ची वॉरंटी विसरा. ती यंत्र बिघडल्यासाठी असते, कंपनीने अपडेट थांबवले तर ती उपयोगाची नाही.

वर्ष-दीड वर्षाने घ्यायचाच झाला तर रोख घ्या, आणि घेण्याआधी सुरक्षा अपडेट कुठवर मिळणार ते विचारा. ब्रिटनमध्ये 29 एप्रिल 2024 पासून कंपनीला ती मुदत जाहीर करावीच लागते. तेच मॉडेल तिथे विकलं जात असेल तर कंपनीच्या ब्रिटिश संकेतस्थळावर तारीख सापडते.

या आठवड्यात विमा कंपनीच्या शाखेत जाऊन तीन आकडे लेखी मागा: आजचं सरेंडर मूल्य (आज मोडली तर मिळणारे पैसे), पेड-अप मूल्य, आणि पॉलिसीवर किती कर्ज किती टक्क्यांनी. बँकेतल्या त्या मॅनेजरकडून तोंडी घेऊ नका. कागद हातात आला की मला पाठवा, माझ्या हिशोबाशी ताडून बघू. 80,000 भरायला मात्र त्या कागदाची गरज नाही.