तीन दारांच्या थारमध्ये तिघांचं कॅम्पिंगचं सामान कसं भरायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हार्ड टॉप थार, तिघे मित्र, डिसेंबरात सातपुड्यातल्या तोरणमाळला दोन रात्री तंबूत. डिकीत दोन बॅगा टाकल्या की जागा संपते. तर वर कॅरियर बसवावा का, आणि सामान कोणत्या क्रमाने भरावं?

कॅरियरचं आधी सांगून टाकतो. नका बसवू. तिघांच्या दोन रात्रींना एवढं सामान लागतच नाही. लागतंय असं वाटत असेल तर यादीत गडबड आहे. शिवाय थार आधीच उंच गाडी. शहादा सोडून म्हसावद, राणीपूर करत तुम्ही सातपायरीच्या घाटाला लागलात की वळणावळणाला वरचं वजन गाडीला बाहेर ओढतं. हायवेवर हे जाणवत नाही, घाटात आणि आडव्या उतारावर चांगलं जाणवतं. छतावर चालत्या गाडीत किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तकात बघा. त्यात कॅरियरचं स्वतःचं वजनही धरायचं असतं, हे दुकानदार सांगत नाही. फारच नड असेल तर वर फक्त हलकं आणि फुगलेलं सामान, म्हणजे चटया नाहीतर स्लीपिंग बॅगा. पाणी, सिलिंडर, लोखंड कधीच नाही.

आता भरायचं कसं. हे मी शिकलो ते एका फजितीतून. आठेक वर्षांपूर्वी आम्ही चौघे मामांची बोलेरो घेऊन अनेर नदीकाठी एका ओळखीच्याच्या शेतात मुक्कामाला गेलो. निघताना गाडी मस्त भरली होती, फोटोसुद्धा काढला. पोचायला रात्रीचे साडेआठ झाले आणि अवकाळी पाऊस सुरू. तंबू सगळ्यात खाली, कारण तो जड म्हणून पहिला टाकलेला. टॉर्च कुणाच्या तरी बॅगेत. मग मोबाईल दातात धरून एकेक वस्तू बाहेर काढली आणि ठेवली कुठे, तर काळ्या मातीत. पाऊस पडल्यावर आपल्याकडची काळी माती काय चीज आहे ते तुम्हाला सांगायला नको, दहा पावलांत बुटाला किलोभर चिकटते. तंबू हाती लागला तेव्हा वरची गोधडी उचलली, तर ती एका कोपऱ्यात जड आणि गुळगुळीत लागली. शेंगदाणा तेलाच्या बाटलीचं झाकण वाटेत सैल झालं होतं. अर्धा लिटर तेल गोधडीने पिऊन टाकलेलं. ती रात्र चौघांनी बोलेरोत बसून काढली, आणि त्या गोधडीचा वास पुढे दोन धुण्यांतही गेला नाही.

मामा यावलकडचे, उमेदीची वर्षं केळीच्या गाड्या भरण्यात गेलेली. गाडी परत द्यायला गेलो तर त्यांनी डिकी उघडून बघितली आणि एवढंच विचारलं, "भाचेबुवा, तिथं उतरल्यावर हाताला आधी काय लागीन, याचा इचार केला होता का?" मग म्हणाले की केळीचा घड गाडीत हलला की घासतो, घासला की काळा पडतो आणि काळा पडला की भाव पडतो. म्हणून घडाघडात सुका पाला दाबून भरायचा, बोट जायला फट ठेवायची नाही. माझी सगळी विद्या या दोनच गोष्टींची आहे: उतरताना जे आधी लागणार ते चढताना शेवटी, आणि काहीही हलता कामा नये.

तुमच्या थारला हे असं लागू होतं. मागची सीट अर्धी-अर्धी दुमडते. तिघेच आहात, तेव्हा एक अर्धी उभी ठेवा, तिसरा माणूस तिथे बसेल, आणि दुसरी अर्धी दुमडून टाका. जड सामान जितकं खाली आणि जितकं पुढे, म्हणजे मागच्या दाराकडे नाही तर पुढच्या सीटच्या पाठीकडे सरकवता येईल तितकं चांगलं. पाण्याचे कॅन, स्वयंपाकाचं क्रेट, हत्यारांची पिशवी, सगळं तिकडे. मागच्या दारावर आधीच स्टेपनी टांगलेली असते, त्या टोकाला आणखी वजन कशाला.

खोके म्हणून महागडे कॅम्पिंग बॉक्स घेऊ नका. भाजी मार्केटात मिळतात ते प्लास्टिकचे क्रेट घ्या, साधारण ५४ बाय ३६ सेंटीमीटरचे. भक्कम असतात, एकावर एक बसतात, जाळीमुळे आत काय आहे ते दिसतं, आणि दोरी ओवायला भोकंच भोकं. तोटा एकच, धूळ आत जाते. स्वयंपाकाच्या क्रेटला आतून एक जाड प्लास्टिक पिशवी लावली की भागतं. तुम्हाला दोन पुरतील. एकात स्वयंपाक, दुसऱ्यात बाकीचं सगळं. एकेका वस्तूसाठी वेगळी पिशवी केली की गाडीत पंधरा पिशव्या होतात आणि प्रत्येक वेळी चौदा उघडल्यावर मीठ सापडतं.

सगळ्यात शेवटी, मागचं दार उघडताच हाताला लागेल असा तंबू. त्याला चिकटून खाली अंथरायची ताडपत्री, खुंट्या आणि हातोडी. हा एक गठ्ठा मी सुतळीने एकत्रच बांधतो. पोचल्यावर आधी ताडपत्री जमिनीवर, मग बाकीचं सामान तिच्यावर उतरतं, मातीत नाही. टॉर्च डिकीत ठेवायचाच नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या खणात एक आणि प्रत्येकाच्या खिशात एक.

थारची एक खोड इथे लक्षात ठेवा. मागची काच वर उघडते आणि खालचं दार बाजूला, स्टेपनीसकट. त्यामुळे मुक्कामी गाडी झाडाला किंवा दगडाला पाठ लावून उभी केलीत तर दार अर्धंच उघडेल. उतारावर लावलीत तर ते जड दार स्वतःहून आपटतं. मागे दीडेक मीटर जागा सोडा.

पाण्याचा हिशेब सोपा आहे, एक लिटर म्हणजे एक किलो. पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी रोज चार लिटर धरतो. तोरणमाळ हे नांदतं गाव आहे, पाणी तिथे पुन्हा भरता येतं, त्यामुळे २० लिटर नेलं तरी बास. पण तो थंड पाण्याचा २० लिटरचा जार नेऊ नका, ज्याचं झाकण नुसतं दाबून बसतं. घाटात तो आडवा झाला की संपलं. फिरवून घट्ट बसणाऱ्या, आट्याच्या झाकणाचे १० लिटरचे दोन कॅन घ्या. एक फुटला तरी दुसरा उरतो आणि उचलायलाही सोपे पडतात.

बांधण्याबद्दल. बंजीची रबरी दोरी हलक्या सामानाला ठीक, जड क्रेटला नाही. ती ताणते, आणि जोरात ब्रेक लागला की क्रेट पुढे येतंच. ट्रकवाले वापरतात तो रॅचेट पट्टा घ्या आणि तो गाडीच्या फरशीला पक्क्या असतील त्या लोखंडी कड्यांना अडकवा, सीटच्या प्लास्टिकला नाही. सामान आणि तिसरा माणूस शेजारी-शेजारी असणार आहेत, तेव्हा याला आळस नको. ताशी ६० ला गाडी अचानक थांबली तर १० किलोचा कॅन थांबत नाही, आणि पुढे तुमचीच मान आहे. राहिलेल्या फटींत कपड्यांच्या मऊ बॅगा आणि चटया कोंबा. हा तुमचा केळीचा पाला. सुटकेसवाल्या मित्राला घरीच सांगा, कडक बॅग चालणार नाही.

गॅसचं मात्र गंभीरपणे घ्या. छोटा २२० ग्रॅमवाला डबा तिघांच्या चहा-पोह्यांना आणि खिचडीला पुरतो, दोन नेले म्हणजे निर्धास्त. डब्यावर लिहिलेलं असतं की ५० अंशांच्या वर तापू देऊ नका. डिसेंबरात अडचण नाही, पण हेच डबे पुढच्या सहलीसाठी म्हणून गाडीतच राहतात आणि मे महिना उजाडतो. जळगाव-भुसावळला सावलीत ४५ अंश असताना उन्हातल्या बंद गाडीत किती होत असेल याचा अंदाज करा. घरी आल्यावर पहिली बाहेर काढायची वस्तू ती. आणि कितीही थंडी असली तरी तंबूत किंवा काचा लावलेल्या गाडीत स्टोव्ह पेटवायचा नाही. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो.

थंडीला कमी लेखू नका. तोरणमाळ अकराशे मीटरच्या आसपास आहे. खाली शहाद्याला स्वेटरवर भागतं तेव्हा वर पहाटे बोटं वाकत नाहीत. लोक पांघरुणं तीन नेतात आणि खाली एक सतरंजी टाकतात, हे उलटं आहे. अंगाखाली दबलेल्या कापसात हवा राहत नाही, त्यामुळे जमिनीचा गारवा थेट पाठीत शिरतो. प्रत्येकी एक फोमची जाड चटई हवीच. ती गुंडाळून फटीत जाते, जागा मोजावी लागत नाही.

जेवणाचा माझा एक शहाणपणा सांगतो, पटला तर घ्या. वांगी निघायच्या दिवशी घरीच किंवा शेतात कपाशीच्या काड्यांवर भाजून, सोलून, डब्यात न्या. तिथे फक्त मिरची-लसूण-तेलाची फोडणी. सोबत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या भाकरी. पहिल्या रात्री पोचून कुणालाही कणीक मळायची इच्छा नसते. जंगलात काटक्या पेटवून भरीत करायचा विचार असेल तर सोडा. राखीव वनात आग लावायला मनाई आहे आणि डिसेंबरात गवत वाळलेलं असतं. तंबू कुठे लावायचा हेही आधी वनखात्याच्या माणसाला विचारून ठरवा. यावल, अनेर किंवा गौताळ्याचं अभयारण्य असेल तर परवानगीशिवाय आत जाताच येत नाही.

तेलाची बाटली? आता मी तेल स्टीलच्या छोट्या बरणीत नेतो, बरणी पिशवीत, पिशवी पातेल्यात, पातेलं क्रेटच्या तळाला.

हवा भरायचा छोटा पंप, पंक्चर बुजवायच्या रबरी वाती, ओढायचा पट्टा, छोटं फावडं, हे एका पिशवीत ठेवा आणि ती सामान न उतरवता हाती येईल अशी ठेवा. पंक्चर घाटातच होतं. जॅक आणि पाना गाडीत कुठे आहे ते घरी एकदा बघून घ्या, नाहीतर त्याच्यावर क्रेट चढवून बसाल. भरलेल्या गाडीला टायरात हवा किती, ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं.

आणि दोन रिकाम्या गोण्या न्या. येताना सामान जाताना होतं तसं घडीत कधीच बसत नाही. एक गोणी चिखलाच्या बुटांना आणि कचऱ्याला, दुसरी दवाने भिजलेल्या तंबूला. तो तंबू घरी आल्यावर त्याच दिवशी गच्चीवर पसरा, चार दिवस बांधलेला राहिला तर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते निघत नाहीत.

निघायच्या आदल्या रात्री नाही, चार दिवस आधी एकदा सगळं भरून बघा. मग अंधारात, दिवे न लावता, तंबू काढून अंगणात उभारून बघा. शेजारी हसतील. आधी टेप घेऊन दुमडलेल्या सीटची आणि दोन्ही चाकांच्या फुगवट्यांमधली रुंदी मोजून इथे टाका, म्हणजे ५४ चं क्रेट आडवं बसेल की उभं ते सांगतो.