वाचकांचे प्रश्न: पोर्कचे पाय रबरासारखे का राहिले?

प्रश्न: ताई नमस्कार, म्हापशाहून लिहितेय. लेकीने मला 6 लिटरचा इलेक्ट्रिक प्रेशर कुकर घेऊन दिलाय. मागच्या रविवारी पाहुणे यायचे होते म्हणून पोर्कच्या पायाचे तुकडे आणले, खुराच्या वरचा सांधा असतो ना तो, दुकानदार हॉक म्हणतो, सव्वा किलो. रात्रभर व्हिनेगर आणि मसाल्यात ठेवले, सकाळी मटणाचं बटण दाबलं, 25 मिनिटं. मधेच स्क्रीनवर 'बर्न' आलं म्हणून बंद करून थोडं पाणी घातलं आणि परत लावलं. वेळ संपली तशी लगेच वाफ सोडली कारण पाहुणे दारातच होते. कातडी रबरासारखी आणि हाडाजवळचं मास सुटेचना. सासूबाई मातीच्या बुडकुल्यात लाकडांवर करायच्या ते बोटाने तुटायचं. व्हिनेगरमुळे कडक झालं का? आणि गॅसवरच्या किती शिट्ट्या म्हणजे इथे किती मिनिटं, तेवढं सांगाल का?

उत्तर: आधी व्हिनेगरवरचा आळ काढून टाकूया, त्याची काही चूक नाही. आंबटपणाने कातडी आणि शिरा शिजायला थोडी मदतच होते, विंदालूत शेकडो वर्षं तेच चाललंय. पोर्तुगीजांचं वाइन आणि लसणीत मुरवलेलं मास इथे आलं आणि वाइनच्या जागी माडाच्या सुरेचं व्हिनेगर बसलं, नावातलं 'आल्यू' म्हणजे लसूण, बटाटा नव्हे, म्हणून कुणी बटाटे घालायला सांगितलं तर निदान या पदार्थात तरी घालू नका. तुमचं मास कडक राहिलं ते वेळ कमी पडल्यामुळे आणि वाफ घाईने सोडल्यामुळे.

हा तुकडा मुळात कसला आहे ते बघा. डुकराचा सगळा भार ज्या सांध्यावर असतो तिथलं हे मास, म्हणजे मास कमी आणि कातडी, शिरा, सांध्याची पांढरी चिवट पटलं जास्त. त्या चिवट भागात कोलॅजन असतं. ते आधी आखडतं आणि कातडी रबरासारखी होते, मग ओली उष्णता बराच वेळ मिळाली की विरघळून जिलेटिन होतं, तेव्हा कुठे बोटाला चिकटणारा तो मऊपणा येतो. तुम्ही नेमकी मधल्या टप्प्यावर थांबलात. बोकडाच्या मटणाचे लहान तुकडे 25 मिनिटांत होतात, मुठीएवढा सांधा नाही होत, आणि कुकरचं बटण तुकडा केवढा आहे ते बघत नाही, ते कंपनीने सरासरीवर बसवलेलं असतं.

शिट्ट्यांचा हिशोब मात्र मनातून काढून टाका, मी अगदी मनापासून सांगतेय. गॅसवरच्या आपल्या कुकरचं वजन साधारण 1 किलो प्रति चौरस सेंटीमीटर दाबाला उचलतं, आत 120 अंशांच्या आसपास उष्णता असते, आणि शिट्टी म्हणजे फक्त जास्तीची वाफ बाहेर गेली एवढंच, ती किती मिनिटांनी होते ते गॅस किती मोठा आहे त्यावर. इलेक्ट्रिक कुकर शिट्टी देतच नाही, आणि बहुतेकांचा दाब गॅसच्या कुकरपेक्षा थोडा कमी असतो, आत 115 ते 118 अंश. ऐकायला फरक लहान वाटतो पण अशा चिवट मासाला तो लागतो, म्हणून गॅसवर मंद आचेवर जितकी मिनिटं ठेवत होतात त्यात निदान पाचवा हिस्सा वाढवा. शिवाय स्क्रीनवरची मिनिटं दाब पूर्ण चढल्यावर मोजायला लागतात, चढायलाच 10-15 मिनिटं जातात, फ्रीजमधून थेट काढलेलं मास असेल तर जास्त.

आता करायचं कसं ते सांगते. पाय आणले की आधी कातडी बघा, केसांची बुडं राहिली असतील तर गॅसच्या ज्वाळेवर फिरवून भाजा, सुरीच्या पाठीने खरवडा, मीठ चोळून दोन पाण्यांत धुवा. हा भाग नीट केला नाही तर पुढे कितीही मसाला घाला, वास राहतोच. मसाला व्हिनेगरमध्ये वाटताय तर तुकडे काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात मुरवा, अ‍ॅल्युमिनियममध्ये आंबट ठेवू नका, आणि रात्रभर म्हणजे फ्रीजमध्येच, आपल्याकडच्या उकाड्यात बाहेर नको.

सकाळी कुकर साॅटेवर, म्हणजे परतायच्या बटणावर, लावा, थोड्या तेलात कांदा आणि मुरवलेला मसाला परता आणि मग दीड कप पाणी घालून लाकडी पळीने बूड खरवडा, सगळं, कोपरे पण. तुमचं 'बर्न' इथेच आलंय. दाट मसाला जड असतो, तो बुडाला बसतो, तिथलं तापमान एकदम चढतं आणि यंत्र स्वतःला थांबवतं, आणि थांबलं की दाब उतरतो, म्हणजे तुमच्या 25 मिनिटांतलीही काही वाया गेली असणार. पाणी दीड कपापेक्षा फार वाढवू नका, या कुकरातून वाफ जवळजवळ जातच नाही आणि पायातून चरबी आणि रस सुटतो तो वेगळा, नाहीतर शेवटी पातळ रस्सा घेऊन बसावं लागतं. तुकडे हाड खाली आणि कातडी वर असे ठेवा, कातडी बुडाला लागली तर चिकटते. भांडं दोन तृतीयांशाच्या वर भरू नका.

हाय प्रेशरवर 55 मिनिटं. तुकडे अर्धे कापून घेतले असतील तर 45 बास. आणि मग हात लावू नका. दाब आपोआप 20-25 मिनिटं उतरू द्या, हेच मला सगळ्यात जास्त सांगायचंय. वाफ एकदम सोडली की आतला रस्सा जोरात उकळतो कारण दाब जाताच पाण्याचा उकळबिंदू खाली येतो, त्या उकळीत मासातलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि धागे कोरडे होतात. आणि त्या 20 मिनिटांत मास उष्णच असतं, कोलॅजन विरघळणं चालूच राहतं, म्हणजे तो वेळ शिजण्यातलाच धरा. पाहुणे 1 वाजता येणार असतील तर कुकर साडेदहाला लागलाच पाहिजे.

झालं का ते असं बघा: हाड दोन बोटांत धरून फिरवलं की सांध्यात सैल हलतं आणि सुरी कातडीतून विरोध न करता आत जाते. नाही गेली तर झाकण लावून आणखी 15 मिनिटं, काही बिघडत नाही, उलट हा तुकडा बाकीच्या मासासारखा जास्त शिजल्यावर लगेच सुकत नाही. मागच्या रविवारचं फ्रीजरमध्ये ठेवलं असेल तर फ्रीजमध्ये सावकाश वितळू द्या आणि 35 मिनिटं परत लावा, होईल ते. शेवटी तुकडे अलगद काढून घ्या आणि रस्सा साॅटेवर दाट होईपर्यंत आटवा, वरून एक चमचा ताजं व्हिनेगर, कारण तासभर शिजल्यावर व्हिनेगरचा तो झणका बसलेला असतो.

कातडी कुरकुरीत हवी असेल तर ती कुकरकडून होणार नाही, वाफेत कुरकुरीत काहीच होत नाही. काढलेले तुकडे कोरडे पुसून ओव्हनमध्ये 220 अंशांवर 15-20 मिनिटं ठेवा. पण मला विचाराल तर या पायांची मऊ कातडीच खरी, गरम पोय, म्हणजे आपला गव्हाचा पाव, मोडायची आणि रस्सा टिपायचा. आणि दुसऱ्या दिवशी ते जास्त चांगलं लागतं. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं की वर पांढरी चरबी गोठते, ती चमच्याने सगळी काढता येते, आणि खाली रस्सा जेलीसारखा थरथरतो. ती जेली म्हणजेच विरघळलेलं कोलॅजन. थरथरत नसेल तर एकतर पाणी जास्त पडलं, नाहीतर अजून शिजायला हवं होतं.

सासूबाईंच्या बुडकुल्यात चुलीचा धूर होता, तो काही या यंत्रात येणार नाही. पण मऊपणा येईल, त्यात शंका नाही.

प्रश्न: आमच्या घरात दोघं जण शाकाहारी आहेत. एकाच इलेक्ट्रिक कुकरात पोर्क केलं तर नंतर भाताला वास येतो. काय करावं? (फोंडा)

उत्तर: वास भांड्यात नसतो, झाकणातल्या सिलिकॉनच्या रिंगमध्ये मुरतो, ती सगळं शोषून घेते. कपभर व्हिनेगर, कपभर पाणी आणि लिंबाची सालं घालून 2-3 मिनिटं स्टीम करा आणि रिंग उन्हात वाळवा, कमी होतो, पूर्ण जात नाही. म्हणून दुसरी रिंग विकत घ्या, वेगळ्या रंगाची मिळाली तर उत्तम, आणि आतलं स्टीलचं भांडंही वेगळं. खर्च फार नाही. आणि घरातल्यांना सांगूनच करा, लपवून नको. कुणाच्या ताटात काय चालतं हा त्यांच्या मनाचा भाग आहे, तो यंत्र घासून सुटत नाही.

प्रश्न: फेजोआद, म्हणजे राजमा-पोर्कचा रस्सा, त्यासाठी राजमा आणि पोर्कचे पाय एकदमच लावले तर चालेल का? सोबत चोरीस, म्हणजे आपलं गोव्याचं पोर्क सॉसेज, तेही घालते. (कुडचडें)

उत्तर: नको. आंबटात राजमा लवकर मऊ होत नाही आणि चोरीसमध्ये व्हिनेगर भरपूर असतं, म्हणजे पाय विरघळले तरी दाणा कडक राहील. राजमा रात्रभर भिजवून ते पाणी टाका, नुसत्या पाण्यात 15-20 मिनिटं वेगळा शिजवा, भांडं अर्ध्याच्या वर भरू नका कारण फेस येतो. मग शिजलेले पाय, त्यांचा रस्सा आणि चोरीस एकत्र करून साॅटेवर 15 मिनिटं उकळू द्या. मीठ अगदी शेवटी चाखून, चोरीस आधीच खारट असते. आणि एक गोष्ट जपा: याच कुकरात 'स्लो कुक' असतं, त्यावर कच्चा राजमा कधीच ठेवू नका. राजम्यात एक विषारी द्रव्य असतं, ते खळखळून उकळल्याशिवाय जात नाही, मंद उष्णतेत तसंच राहतं आणि त्याने उलट्या होतात. पावसात मधेच लाइट गेली तर झाकण न उघडता थोडी वाट बघा, पण तासाभरात आली नाही तर सगळं दुसऱ्या पातेल्यात काढून सरळ गॅसवर ठेवा आणि तिथेच पुरं करा.