वाचक विचारतात : केकताडाची दारू

प्रश्न : शेताच्या बांधावर केकताड (घायपात) माजलंय. मेक्सिकोत यापासून टकीला काढतात म्हणे. आपल्याकडच्या पातींचा रस आंबवला तर?
— एक वाचक, सांगोला

उत्तर : पातींच्या रसानं हाताला खाज सुटेल, तेवढंच. त्यात ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. साखर असते ती गड्ड्यात, म्हणजे पातींच्या बुडाच्या जाड गाभ्यात, आणि तीही फ्रुक्टानच्या लांब साखळ्यांत अडकलेली. यीस्टला त्या फारशा पचत नाहीत. गड्डा भाजल्यावर उष्णता आणि रसातलं आम्ल मिळून साखळ्या तोडतात, गोड फ्रुक्टोज सुटतं. म्हणून आधी भाजणं, मग आंबवणं.

वेळही साधावी लागते. झाड आयुष्यात एकदाच फुलतं आणि साठवलेली सगळी साखर फुलाच्या दांड्यात ओततं. बांधावर दांडा उंच उभा दिसला की तो गड्डा गेलाच समजा. मेक्सिकोत दांडा कोवळा असतानाच छाटतात. टकीलाचं निळं अगावे (केकताडाच्याच जातकुळीतलं झाड) साधारण सहा ते आठ वर्षांत तयार होतं आणि एक लिटर दारूला सात किलोच्या आसपास गड्डा लागतो.

मेक्सिकोतल्या वाहाका राज्यात मेस्काल (अगावेचीच दारू) करताना जमिनीत खड्डा घेऊन दगड लाकडांवर लालबुंद करतात. त्यावर अगावेचा ओला चोथा, मग गड्ड्यांच्या फोडी, वर चटया आणि माती. तीन ते पाच दिवस झाकलेलं राहतं. मातीला चीर राहून हवा शिरली तर कोळसा होतो. लवकर उघडलं तर फोड आत पांढरीच राहते आणि उतारा घटतो. भाजलेला गड्डा ठेचून चोथ्यासकट लाकडी पिंपात कोमट पाण्यात आंबवतात. थंडी-उन्हाप्रमाणे चार-पाच दिवस ते दोन आठवडे लागतात. वर आलेला चोथा खाली बसला, गोडी संपली, की लगेच भट्टीवर. दोन दिवस उशीर केलात तर व्हिनेगर. पहिल्यांदा गाळलेली दारू कमी कडक असते, आपल्या गोव्यातल्या उर्राकासारखी. दुसऱ्यांदा गाळल्यावर मेस्काल.

घरी मात्र करू नका. महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू गाळणं 1949 च्या दारूबंदी कायद्यानं गुन्हा आहे. शिवाय टकीला हे नाव मेक्सिकोतल्या ठरावीक भागापुरतंच राखीव आहे.

प्रश्न : गाळताना पहिली धार फेकली की मिथेनॉल (विषारी अल्कोहोल) निघून जातं ना?

उत्तर : नाही, आणि हा गैरसमज धोक्याचा आहे. अगावेच्या पेशीभित्तीतल्या पेक्टिनपासून मिथेनॉल बनतं आणि ते गाळताना शेवटपर्यंत थोडं थोडं येत राहतं. पहिली धार काढल्यानं मुख्यतः उग्र वास जातो. मिथेनॉल आवरायचं ते आधीच : पाती गड्ड्यालगत तासायच्या, भाजताना सुरुवातीला ठिबकणारा कडू रस टाकून द्यायचा. तरी आकडा प्रयोगशाळेतच कळतो. टकीलाला मेक्सिकोत 100 मिली शुद्ध अल्कोहोलमागे 300 मिलीग्रॅमची मर्यादा आहे.

प्रश्न : न भाजता, ताडीसारखं काही?

उत्तर : आहे, पुल्के. मोठ्या अगावेचा दांडा फुटण्याआधी गाभा कोरून खळगा करतात. त्यात साचणारा गोड रस रोज दोनदा काढायचा आणि खळगा खरवडायचा. खरवडलं नाही तर जखम सुकून रस थांबतो. झाड काही महिने रस देतं, मग मरतं. हा रस आपोआप आंबतो, चार ते सात टक्क्यांपर्यंत चढतो आणि एक-दोन दिवसांत आंबटढाण होतो.