अंजिराच्या वेगवेगळ्या जाती घरी लावल्या तर चवीत खरंच फरक जाणवतो का?

जाणवतो, आणि चांगलाच. फक्त फळ झाडावर पुरतं पिकू द्यायला हवं. तोडून ठेवलेलं अंजीर मऊ पडतं, गोडी मात्र वाढत नाही. म्हणून लवकर तोडलेली कुठलीही जात पाणचट लागते आणि दोष जातीला जातो. मान टाकून फळ खाली लोंबलं, सालीवर बारीक चिरा दिसल्या की तोडा. बुडाच्या छिद्राशी पाकाचा थेंब आला असेल तर उद्यावर ढकलू नका. पक्षी तेवढे थांबत नाहीत. देठातून पांढरा चीक भळाभळा आला, तर घाई झाली समजा. हा चीक कातडीला झोंबतो.

माझ्या कुंड्यांतलं ब्राउन टर्की सगळ्यांत सोशिक, पण गोडी सौम्य. कडोटा बाहेरून पिवळट हिरवं, आत फिकट मधाळ गर आणि चवही तशीच, सरळ गोड. एड्रिॲटिकची सालही हिरवीच, पण कापलं की गर लालभडक आणि गोडीला स्ट्रॉबेरीसारखी आंबूस किनार! सालीच्या रंगावरून चव ओळखू पाहणाऱ्यांची इथे फजिती होते. ब्लॅक मिशन काळसर जांभळं, दाट गोडीचं. एकच लावायचं असेल तर मी एड्रिॲटिक लावेन.

रोप घेताना प्रकार मात्र विचारा. वरच्या सगळ्या जाती परागीभवनाशिवाय फळ धरतात. कॅलिमिर्ना स्मर्ना प्रकारातलं. त्याला नर अंजिरातले परागकण आणणारी ब्लास्टोफॅगा नावाची इवलीशी माशी लागते. ती नसेल तर फळं लहानपणीच सुकून गळतात, कितीही खत घाला.

खतावरून आठवलं, नत्र जास्त झालं की नुसता पाला माजतो. फळं पिकत असताना भरमसाट पाणी दिलं तर ती फुटतात आणि चव पातळ होते. त्यामुळे जातींची तुलना करायची तर कुंडी, ऊन, पाणी सगळ्यांना सारखं हवं. पहिल्या बहरावरून जात बाद करू नका; कोवळ्या झाडाची फळं बऱ्याचदा फिकी लागतात. शिवाय जुन्या काडीवरचा आधीचा बहर आणि नव्या फुटीवरचा मुख्य बहर यांच्या चवीतही फरक असतो. सरसकट छाटणी केलीत तर आधीचा बहर हातचा जातो.

चाखताना फळं फ्रिजमधली नकोत, गारव्यात गोडी दबते. सौम्य जातीपासून सुरुवात करा, एड्रिॲटिक शेवटी.