दिल्ली पहिल्यांदाच बघताय? मग एवढं करा

सोलापूरहून आई-बाबांना घेऊन कर्नाटक एक्सप्रेसने दिल्लीला निघताय, छान! गाईडसह एक दिवसाची बस-टूर घ्या. पहिल्या खेपेला तेच सोयीचं.

सगळ्यात आधी वार बघा. सोमवारी लाल किल्ला बंद, लोटस टेंपल बंद, अक्षरधामही बंद. आपली बरीच माणसं रविवारी पोचतात आणि सोमवारची टूर घेतात. मीही पहिल्यांदा हेच केलं. लाल किल्ला बाहेरूनच बघितला, गाईड म्हणाला, "फोटो लो, फोटो लो!"

दुसरं, बुकिंग करताना विचारा: तिकिटं धरून पैसे की वेगळे? आणि कुठे उतरवणार, कुठे नुसतं खिडकीतून दाखवणार? दहा ठिकाणांची यादी बघून भुलू नका. पाच नीट बघितली तरी खूप झालं. कुतुबमिनारला मात्र वेळ द्या, जवळजवळ ७३ मीटर उंच आहे. वर चढायला मिळत नाही, पण खाली उभं राहून दगडातलं कोरीवकाम बघा, मान दुखेस्तोवर.

अक्षरधामात मोबाईल, बॅग काहीच नेता येत नाही. सामान जमा करायच्या रांगेतच बराच वेळ जातो. तिथे जाणार असाल तर बॅग बसमध्येच राहू द्या.

बाबांच्या पायात नवीन चप्पल नको. बसचा नंबर वहीत लिहून ठेवा, पार्किंगमध्ये सगळ्या बस सारख्याच दिसतात. डब्यात कडक भाकरी-शेंगाचटणी असू द्या, म्हणजे गाईडच्या "ओळखीच्या" हॉटेलात जेवायची सक्ती नाही. त्याने एम्पोरियममध्ये नेलं तर बघा, हसा, बाहेर या. चादरी घ्यायला सोलापूरकरांनी दिल्लीला जायचं का?

आग्रा पुढच्या वेळी.