सह्या झाल्या, फोटो झाले, पुढे?

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात वर्षाच्या सुरुवातीला लैंगिक अत्याचार प्रतिबंधावर तासाभराचं व्याख्यान होतं. सगळ्यांच्या सह्या घेतो. तरी मुलांच्या वागण्यात फरक दिसत नाही. (समन्वयक प्राध्यापिका)

उत्तर : सह्या अहवालासाठी झाल्या, मुलांसाठी नाही. अशी व्याख्यानं मीही भरपूर दिली आहेत : चारशे मुलं, एक माइक, मागच्या रांगेत मोबाइल. माहिती मिळते, पण वागणं बदलायचं तर शब्द तोंडातून काढून बघावे लागतात. आता मी वीस-पंचवीस जणांचाच गट घेते. दोघांना समोर उभं करते. एकाने म्हणायचं, "थांब ना थोडा वेळ." दुसऱ्याने नकार द्यायचा, पण 'नाही' हा शब्द न वापरता. मग सुरू होतं : "उद्या लवकर उठायचंय", "बघू", नुसतं कसनुसं हसणं, चपलेकडे बघणं. गटाला विचारते, नकार कुठे कळला? सगळ्यांना कळलेला असतो. 'तिने स्पष्ट सांगितलंच नाही' ही सबब तिथेच गळून पडते, आणि संमतीची व्याख्या फळ्यावर लिहायची गरज उरत नाही.

हे दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करा. वसतिगृहाचे रेक्टर आणि सुरक्षारक्षक यांनाही गटात बसवा. रात्री अकरा वाजता घाबरलेली मुलगी आधी त्यांच्यासमोर येते, तुमच्यासमोर नाही.

प्रश्न : पार्टीत एक सीनियर नशेत असलेल्या मुलीला बाहेर घेऊन जात होता. आम्ही सात-आठ जणांनी पाहिलं. सगळ्यांना खटकलं, बोललं कोणीच नाही. आम्ही इतके भित्रे आहोत का?

उत्तर : भित्रे नाही, गर्दीत होतात. १९६८ साली जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंटरकॉमवर कुणाला तरी फिट आल्याचा आवाज ऐकू येई. ऐकणारा आपण एकटेच आहोत असं समजत असेल, तर तो आवाज बंद व्हायच्या आत ८५ टक्के लोक मदतीला उठले. आणखी चौघे ऐकताहेत असं वाटलं, तेव्हा फक्त ३१ टक्के. प्रत्येकाला वाटतं, दुसरा कोणी उठेल.

म्हणून पहिलं वाक्य आधीच तयार ठेवायचं. त्याच्याशी भांडायची गरज नाही. सरळ तिच्याकडे जा : "अगं, तुझी बॅग आत राहिली, चल." किंवा त्याला थोपवा : "दादा, तुला आत कोणीतरी शोधतंय." खोटं बोलावं लागलं तर बोला, इथे माफ आहे. आणि मदत मागताना 'कोणीतरी फोन करा' असं मोघम म्हणू नका. एकाकडे बोट दाखवून सांगा, "तू रेक्टरना फोन लाव."

ती मुलगी ओळखीची असेल तर आजही तिला सहज विचारा, "त्या दिवशी नीट पोहोचलीस ना?" तिने सांगितलं तर ऐका. तपास करू नका.

प्रश्न : मैत्रिणीने तिच्यावर झालेला अत्याचार सांगितला. पण ती ओरडली नाही, पळाली नाही. माझा विश्वास आहे, तरी हे मनातून जात नाही.

उत्तर : भीती टोकाला गेली की शरीर गोठतं; हात हलत नाही, आवाज फुटत नाही. स्टॉकहोममधल्या आपत्कालीन केंद्रात बलात्कारानंतर आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ७० टक्के स्त्रियांनी असं लक्षणीय गोठणं अनुभवलं होतं. तेव्हा 'ओरडली का नाहीस' हे तोंडून निसटलं असेल, तर माफी मागा. "बरं झालं सांगितलंस. तुझी चूक नाही. आता तुला काय हवंय?" एवढं बोललात तरी पुष्कळ. डॉक्टरकडे कधी, तक्रार करायची की नाही, हे तिने ठरवायचं. फक्त उपचारांना उशीर नको, हे मात्र तिला सांगा. काही औषधं पहिल्या तीन दिवसांतच उपयोगी पडतात.

प्रश्न : अशा प्रशिक्षणात आम्हा मुलांकडे गुन्हेगार म्हणूनच बघतात.

उत्तर : तसं बघत असतील तर प्रशिक्षण फसलंच. पण ग्रुपवर घाणेरडा फॉरवर्ड आला की तुम्ही गप्प राहता ना? पाठवणाऱ्याला ती दाद वाटते. "हे इथे नको" एवढं लिहा, आणि तेही मुलाने लिहा.

प्रश्न : मुलीला कराटे शिकवलं की झालं ना?

उत्तर : शिकवा, पण हल्लेखोर बहुतेकदा ओळखीचा असतो, आणि ओळखीच्या माणसावर हात उचलायला मनच धजत नाही. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत ८९३ विद्यार्थिनींवर झालेल्या चाचणीत (२०१५) काहींना बारा तासांचं प्रशिक्षण दिलं : ओळखीच्या माणसाकडूनचा धोका ओळखणं, संकोच झुगारणं, प्रतिकार करणं. वर्षभरात त्यांच्यात बलात्काराचं प्रमाण ५.२ टक्के राहिलं. फक्त माहितीपत्रकं मिळालेल्यांत ९.८.

प्रश्न : जागृती केली आणि तक्रारी दुप्पट झाल्या. संस्थाचालक नाराज आहेत. (प्राचार्य)

उत्तर : घटना आधीही होत असतील, सांगायला जागा नव्हती. संस्थाचालकांना आकडा दाखवताना सोबत हेही दाखवा : प्रत्येक तक्रारीचं काय झालं, किती दिवसांत.